बदकांच्या खेळाला पिक्चर ट्यूबच हवी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या व्हिडिओ गेमवरचा लेख वाचला. आवडला. पण 'डक हंट' या बदकांच्या खेळाच्या वाट्याला त्यात दोनच वाक्यं आली आहेत. त्यातलं एक चुकीचं आहे आणि दुसरं खेळावर अन्याय करणारं. पहिलं असं, की खेळाच्या बंदुकीतून अदृश्य किरण निघून टीव्हीच्या काचेवर आदळायचा. दुसरं, की खेळ 'बाळबोध' होता आणि आजची मुलं त्याच्यापुढे पाच मिनिटंही बसणार नाहीत.

कराडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान अजून आहे, पण पाटीवर आता मोबाइल आहे आणि गल्ल्यावर मुलगा. मी शेजारच्या स्टुलावर पेपर वाचत बसतो, त्यामुळे पत्र लिहायला सवड आहे. नव्वदच्या दशकात समुराई, मिडिया, लिटल मास्टर अशा नावांचे टीव्ही गेम घरोघरी आले. बोनस झाला की बाप खोकं घेऊन यायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात उभा राहायचा, कारण घरच्या टीव्हीवर गेमचं चॅनल लागत नसायचं. जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला सगळीकडे विकल्या जायच्या तो हा काळ. सोबत मिळणाऱ्या कॅसेटवर '99999 इन 1' असलं काहीतरी छापलेलं असायचं; आत मोजके खेळ आणि त्यांचीच नावं फिरवून फिरवून केलेली लांबलचक यादी. आणि खोक्याच्या एका खाचेत, थर्माकोलमध्ये दाबून बसवलेली बंदूक.

तर आधी किरणाचं. या बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. मी अशा पुष्कळ बंदुका उघडल्या आहेत. नळीच्या तोंडाशी प्लास्टिकचं भिंग, त्यामागे उजेड ओळखणारा एक सेन्सर, छोटंसं सर्किट, चापाचा स्विच आणि यंत्राकडे जाणारी वायर, एवढाच ऐवज. उजेड टीव्हीतून बंदुकीत जातो, बंदुकीतून टीव्हीत नाही.

चाप ओढला की खेळ क्षणभर सगळा पडदा काळा करतो. पुढच्याच फ्रेमला (फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांपैकी एक), बदक जिथे असेल तिथे तेवढा एक पांढरा चौकोन काढतो आणि लगेच नेहमीचं चित्र परत आणतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम बसला. पडद्यावर दोन बदकं असली तर पहिल्याचा चौकोन एका फ्रेमला, दुसऱ्याचा त्यापुढच्या फ्रेमला. उजेड कितव्या फ्रेमला दिसला त्यावरून कोणतं बदक पडलं ते यंत्राला कळतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत या खेळाची एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा 50वा भाग. आपल्या डोळ्याला पडदा नुसता लवल्यासारखा दिसतो, आणि पोरांना वाटतं बंदुकीचा जाळ झाला.

आधी काळी फ्रेम कशासाठी, तर लबाडी पकडण्यासाठी. नळी पेटत्या बल्बकडे धरून चाप ओढला तर बंदुकीला काळ्या फ्रेमच्या वेळीही उजेडच दिसतो, आणि खेळ तो बार वाया गेला असं धरतो. निन्टेंडोच्या अस्सल बंदुकीत याहून बारीक काम आहे. पिक्चर ट्यूबवर चित्र एकदम उमटत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ काढत वरून खाली येतो, पाल पद्धतीत सेकंदाला 15,625 ओळी. साधारण त्या लयीत लुकलुकणारा उजेडच ती बंदूक मोजते, घरातल्या दिव्याला ती भीक घालत नाही. 1984 साली, आणि तेही मुलांच्या खेळण्यात हे करून ठेवलंय. लेखकाला बाळबोध वाटणाऱ्या खेळाच्या पोटात एवढं आहे.

दुकानात लोक बंदूक घेऊन यायचे, "मारतच नाही हो." मी म्हणायचो, बंदूक राहू द्या, टीव्ही आणा. बंदूक बहुतेक वेळा धडधाकट असायची. ट्यूब वीक झालेली असायची, नाहीतर डोळ्यांना त्रास नको म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी ब्राइटनेस तळाला नेऊन ठेवलेला. तिसरं कारण आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीपुढे तेव्हा निळसर प्लास्टिकची काच लावायची पद्धत होती, चित्र रंगीत वाटावं म्हणून. त्या काचेमागचा पांढरा चौकोन बंदुकीपर्यंत पोचायचाच नाही. मी काच काढायचो, बदकं पटापट पडायची, आणि गिऱ्हाईक काच परत लावायला सांगून पैसे देऊन जायचं. मग संध्याकाळी पुन्हा यायचं.

किरणाची समजूत मात्र अगदीच हवेतून आलेली नाही, हे लेखकाच्या बाजूने सांगायला हवं. निन्टेंडोच्या आधीच्या खेळण्यांमध्ये बंदुकीतून खरोखरच उजेड निघायचा. ही क्योतोची कंपनी, मूळची पत्ते छापणारी, 1889 सालची. तिथल्या गुनपेई योकोई यांनी 1970 मध्ये उजेडाची बंदूक बाजारात आणली. शार्प कंपनीतून सोलर सेल विकायला येणारे मासायुकी उएमुरा त्यांना भेटले आणि दोघांच्या बोलण्यातून ते खेळणं झालं. बंदुकीत दिवा, लक्ष्यात सोलर सेल. सेलवर उजेड पडला की लक्ष्य उडायचं. पुढे 1973 मध्ये कंपनीने बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये याच तत्त्वावर नेमबाजीची केंद्रं उघडली आणि त्याच वर्षीच्या तेलसंकटाने तो धंदा बसवला. 1976 मध्ये 'डक हंट' नावाचंच खेळणं आलं, त्यात बदक प्रोजेक्टरने भिंतीवर उडायचं. उएमुरा नंतर निन्टेंडोतच गेले आणि फॅमिकॉम त्यांनीच घडवलं. त्या यंत्रावरचा 'डक हंट' 21 एप्रिल 1984 रोजी जपानमध्ये आला. त्यात निन्टेंडोने सगळं उलटं केलं. दिवा लक्ष्यात गेला आणि सेन्सर बंदुकीत. टीव्ही स्वतःच उजेड देतो म्हटल्यावर बंदुकीत दिवा कशाला हवा! मेकॅनिकच्या नजरेने बघितलं तर या उलटापालटीइतकी सुंदर गोष्ट मला त्या सगळ्या यंत्रात दुसरी दिसत नाही.

आता 'बाळबोध'.

खेळ शिकवावा लागत नाही, एवढ्याच अर्थाने तो बाळबोध आहे. मारिओ खेळायला दोन्ही अंगठ्यांना वेगवेगळं काम लावावं लागतं. ते आमच्या घरात पोरांपलीकडे कुणाला जमलं नाही. बंदूक मात्र सगळ्यांनी उचलली. आमची आई माळकरी. बदकं मारायला ती बसणार नाही हे उघडच होतं. पण खेळ सुरू करताना जी यादी येते तिच्यात एका बदकाचा गेम ए आणि दोन बदकांचा गेम बी यांच्यानंतर तिसरा पर्याय आहे, गेम सी, त्यात मातीच्या तबकड्या उडतात, एका वेळी दोन, डोंगराच्या दिशेने लहान लहान होत जाणाऱ्या. आई त्यांना बशा म्हणायची. संध्याकाळचा हरिपाठ झाला की कॉटवर बसून, चष्मा नाकावर खाली घेऊन ती बशा फोडायची. हात थरथरायचा, पण चाप ओढताना क्षणभर श्वास धरायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बशांच्या खेळात कुत्रं येत नाही, एवढी तिची एक तक्रार. ते कुत्रं तिला फार आवडायचं.

आणि ते कुत्रं कुणाला आवडत नाही? फेरी सुरू होताना गवताशी वास घेत घेत येतं, कान टवकारतं आणि उडी मारून झुडपात दिसेनासं होतं. बदक पाडलं तर मान धरून वर दाखवतं. नेम चुकला तर रिकाम्या हाताने वर येतं आणि तोंडावर पंजा ठेवून फिदीफिदी हसतं. आकाश गुलाबी होतं, बदक निघून जातं आणि हे हसतंय. त्या कुत्र्याला एकदा तरी गोळी घालावी असं न वाटलेला माणूस मी बघितलेला नाही. घरच्या खेळात ते जमत नाही. नाणं टाकून खेळायच्या आर्केड आवृत्तीत बोनस फेरीत ते मधे उडी मारतं आणि त्याला खरंच गोळी लागते. मग कुबडी घेऊन येतं आणि नेमबाजालाच सुनावतं. हरलेल्या माणसाला चिडवायचं, पण इतकंच, की तो पुन्हा बंदूक उचलेल. हे प्रमाण साधायला अक्कल लागते. हल्लीचे खेळ हरलं की जाहिरात दाखवतात.

आमच्या घरचा दुसरा प्रकार थोरल्या मुलीने शोधला. बंदूक दुसऱ्या सॉकेटमध्ये असते. पहिल्या सॉकेटमधला बटणांचा पॅड हातात धरून दिशांची कळ दाबली की गेम ए मधलं एकटं बदक आपल्याला हवं तसं वळवता येतं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. पॅड उशीखाली घेऊन ती शांत बसायची आणि तिची आई नेम धरायची. बदक ऐन चाप ओढताना गिरकी घ्यायचं. सौ. म्हणायची, "हे आज भलतंच चलाख झालंय." घरातल्या कुणाचंही बदक सरळ उडायचं आणि हिचंच तेवढं नागमोडी, हे लक्षात यायला बरेच दिवस गेले. बाळबोध खेळात एवढा डाव खेळता येत असेल तर येऊ द्या बाळबोध.

पाच मिनिटांत कंटाळा येण्याचं म्हणाल, तर लेखक पहिल्या पाचसहा फेऱ्यांच्या पुढे गेले नसावेत. फेरीत दहा बदकं, प्रत्येक बदकाला (किंवा जोडीला) तीनच गोळ्या. पहिल्या दहा फेऱ्यांत दहातली सहा पाडली तरी पुढे जाता येतं. नंतर सात लागतात, मग आठ, मग नऊ, आणि विसाव्या फेरीपासून दहाच्या दहा. एक सुटलं की संपलं. तोवर बदकांचा वेग असा झालेला असतो की पंखांचा आवाज आला आणि बदक पडद्याबाहेर. 99व्या फेरीनंतर आकडा शून्यावर येतो आणि खेळ वेड्यासारखा वागायला लागतो. तिथवर पोचल्याचं सांगणारे मला दुकानात पुष्कळ भेटले, दाखवणारा कुणी भेटला नाही.

बदकांचे रंग तीन. सुरुवातीच्या फेऱ्यांत काळ्याला 500 गुण, निळ्याला 1000, लालला 1500, आणि लाल सगळ्यांत चपळ. आमच्या घरी 14 इंची ब्लॅक-अँड-व्हाइट होता. रंगीत टीव्ही दुकानात गिऱ्हाइकांचे. ते घरी न्यायचे नाहीत हा माझा नियम. ब्लॅक-अँड-व्हाइटवर बंदूक उत्तम चालते, तिला फक्त उजेड कळतो. पण तिन्ही बदकं करडी दिसतात. त्यामुळे आमच्या पोरांनी लाल बदक उडण्यावरून ओळखायला शिकून घेतलं. पुढे रंगीत टीव्ही आला तेव्हा धाकटा म्हणाला, आता हे फारच सोपं झालं.

पण या सगळ्याहून मोठी गंमत नेमात आहे, आणि तीच लेखात आली नाही. पडद्यावर नेमाची कसलीही खूण नसते. फुली नाही, ठिपका नाही, लाल गोल नाही. आपला डोळा, नळीवरची माशी (नेम धरायचा उंचवटा) आणि काचेमागचं बदक यांची एक रेघ जुळवायची. बदक वळलं की मनगटाने वळायचं नाही, खांद्यापासून वळायचं. चाप ओढला की आतली स्प्रिंग 'खटॅक' असा मोकळा, पत्र्याचा आवाज करते आणि हाताला हिसका बसतो. बंदुकीची सगळी किंमत त्या स्प्रिंगमध्ये आहे. नकली बंदुकांत ती स्वस्तातली असायची, आवाज 'टिक' यायचा, आणि पोरांना का मजा येत नाही हे त्यांना सांगता यायचं नाही. मी काही बंदुकांत जुन्या कॅसेट प्लेअरच्या स्प्रिंगा बसवून दिल्या होत्या. त्याचे पैसे लावले नाहीत.

अमेरिकेत हा खेळ पुढे सुपर मारिओबरोबर एकाच कॅसेटवर यंत्रासोबत दिला जायचा, त्यामुळे जगभरातल्या त्याच्या प्रतींचा आकडा 2 कोटी 80 लाखांच्या आसपास जातो. आपल्याकडच्या '99999 इन 1' त्यात धरलेल्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको. तिकडे खेळण्यातली बंदूक खरीसारखी दिसू नये म्हणून करडी बंदूक नंतर नारिंगी केली. आपल्याकडे ती काळीच राहिली, आणि लग्नाच्या वरातीत ती खिशाला लावून नाचणारेही मी बघितले आहेत.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी आपली जागा अडवतोय. हा खेळ आजच्या टीव्हीवर चालत नाही. एलसीडी आणि एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःच्या पोटात घेऊन त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. खेळ ज्या फ्रेमला बंदुकीला विचारतो, 'दिसलं का?', त्या फ्रेमला पडद्यावर अजून मागचंच चित्र असतं. पांढरा चौकोन येईपर्यंत प्रश्न विचारून झालेला असतो. शिवाय त्या पडद्यावर ओळी काढणारा झोत नाही, म्हणजे अस्सल बंदूक ज्या लयीची वाट बघते ती लयच नाही. बंदूक नवी आणा, कॅसेट नवी आणा, काही उपयोग नाही. 2014 साली निन्टेंडोनेच हा खेळ वी यू या यंत्रावर पुन्हा दिला, पण तिथे रिमोट रोखायचा आणि पडद्यावर फिरणारी खूण बदकावर न्यायची. बदकं तीच, कुत्रं तेच, पण नजर नळीवरून निघून त्या खुणेला चिकटते. मुलाने मला मोबाइलवर बोटाने बदकं मारायचा खेळ दाखवला. माशा मारल्यासारखं वाटलं.

म्हणजे लेखकाच्या म्हणण्याची परीक्षा घ्यायची तर आधी चालू स्थितीतला पिक्चर ट्यूबचा टीव्ही हवा, आणि ते झपाट्याने भंगारात चाललेत. ट्यूब नवी कुठे बनत नाही, एलओटी (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) गेला तर जुन्या सेटमधला काढून घालावा लागतो, आणि तो घालणारे आमच्यासारखे साठीच्या पुढे गेले. भंगारात काय होतं ते मी डोळ्यांनी बघतो. योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलच्या, तांब्यासाठी ट्यूबची मान हातोडीने उडवतात. त्या काचेत शिसं असतं, आत निर्वात पोकळी असते. काच फुटून उडते आणि चुरा तिथेच गटारात जातो. तांबं किती मिळतं, तर मूठभर. ज्यांना सेट टाकायचाच आहे त्यांनी तो फोडणाऱ्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी अख्खा द्यावा.

पण सगळे टाकू नयेत. माझी सूचना शाळांना आणि विज्ञान केंद्रांना आहे. एक 20 इंची चालू टीव्ही, एक यंत्र, एक बंदूक कोपऱ्यात मांडून ठेवावी. इलेक्ट्रॉनचा झोत, स्कॅनिंग, फ्रेम, सेन्सर हे सगळं फळ्यावर खडूने काढून दाखवण्यापेक्षा मुलांच्या हातात बंदूक द्यावी आणि मग मोबाइलने तो क्षण स्लो-मोशनमध्ये टिपायला सांगावं. काळा पडदा आणि पांढरा चौकोन त्यांना स्वतःला सापडेल. मी हे ओळखीच्या एका शाळेत बोललो होतो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि महिनाभराने त्यांच्या प्रयोगशाळेतला जुना टीव्हीच लिलावात काढला. दुसऱ्या एखाद्या शाळेला सुचलं तर सेट जुळवून द्यायला मी फुकट येईन, कराडच्या आसपास असेल तर.

कुणी वाचक जुना सेट शोधणार असतील तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. शेवटी शेवटी आलेले 100 हर्ट्झचे महागडे ट्यूब टीव्ही घेऊ नका. ते चित्र साठवून दुप्पट वेगाने दाखवतात, त्यामुळे बंदूक त्यांच्यावरही आंधळी. साधा, जड, पाठीला कुबड असलेला सेट बघा. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वर ठेवा, पुढे प्लास्टिकची काच असेल तर काढा. आणि बंदुकीचा चाप अडकला तर त्यात खोबरेल घालू नका. ते थंडीत थिजतं. चार स्क्रू काढून ब्रशने धूळ झाडली की पुरतं.

आपला,
एक वाचक, निवृत्त टीव्ही मेकॅनिक
कराड